ओआरएसची पुडी: चव बेकार, काम एक नंबर

रिव्ह्यू जरा उशिरा टाकतेय, कारण ज्या दिवशी ही पुडी वापरली त्या दिवशी हातात मोबाईल धरायचीसुद्धा ताकद नव्हती. ओआरएस म्हणजे उलटी-जुलाबात अंगातलं पाणी भरून काढायला पाण्यात कालवून प्यायची मीठ-साखरेची पावडर. माझी पुडी ऑरेंज फ्लेवरची, एक लिटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फॉर्म्युला बघून घेतलात तर कुठलीही चालते.

झालं असं की सकाळी केलेलं जेवण दिवसभर ओट्यावर तसंच राहिलं आणि रात्री नऊला मी आणि नवऱ्याने चांगलं खळखळून गरम करून खाल्लं. रात्री एकला मला पहिली उलटी, पंधरा मिनिटांत तो बाथरूमच्या दारावर धडका मारतोय! आधी वाटलं अ‍ॅसिडिटी. पण दोघांना एकाच वेळी, ताप नाही, खाऊन चारच तास झालेले, आणि आईने ते खाल्लंच नव्हतं तर ती मस्त घोरतेय, म्हटल्यावर ट्यूब पेटली की हे त्या जेवणातूनच झालंय. गरम केलं होतं ना मग कसं काय, हा प्रश्न मला पण पडला होता. तर काही बॅक्टेरिया अन्नातच विष तयार करून ठेवतात, गरम केल्यावर बॅक्टेरिया मरतात पण ते विष तसंच राहतं, आणि असलं विष अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत दणका देतं. साल्मोनेला वगैरे जे बॅक्टेरिया पोटात जाऊन त्रास देतात, त्यांना सहा तासांपासून थेट सहा दिवस लागू शकतात, म्हणजे दर वेळी शेवटच्या जेवणालाच शिव्या घालून उपयोग नाही.

आता पुडीबद्दल. घरात एक पडून होती, नशीब एक्स्पायरी उलटली नव्हती. पहिली तक्रार पॅकिंगची, ती फाडायची खाच थरथरत्या हाताला सापडतच नाही, शेवटी दाताने फाडली आणि थोडी पावडर सांडली. दुसरी तक्रार जास्त सिरीयस आहे. ही एक लिटर पाण्यात टाकायची असं मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की रात्री दीड वाजता कुणाला दिसणार. मी अख्खी पुडी एका ग्लासात ओतायला निघाले होते. ताई नर्स आहे, तिला फोन लावला होता, ती ओरडलीच, "अगं वेडी का तू, ग्लासात नको, लिटरच्या बाटलीत कर!" एवढं मीठ एका ग्लासात गेलं तर अंगातलं सोडियम वाढून भलतंच होऊन बसतं, लहान मुलांना तर फारच धोक्याचं. छोट्या 200 मिलीच्या पुड्या पण येतात, त्यामुळे नक्की किती पाणी ते बघूनच टाका. पाणी उकळून गार केलेलं, आणि एकदा कालवलं की परत उकळायचं नाही, वर साखर नाही, ज्यूस नाही.

पहिला ग्लास मी घटाघट प्यायले आणि तो पाच मिनिटांत बाहेर. ताई म्हणाली दहा मिनिटं काही घेऊ नकोस, मग चमच्याने घे. खरंच, दर मिनिटाला एक चमचा असं घड्याळ बघत बसले, कंटाळा आला पण पोटात राहिलं. पहाटे पाचला लघवी झाली, एकदम पिवळीजर्द, ताईला एवढा आनंद झाला की मला वाटलं फोनवरच पेढे वाटते की काय. लघवी होतेय, तोंड फार कोरडं नाही, उठल्यावर गरगरत नाही, हेच बघायचं असतं म्हणे.

चव? कोमट ऑरेंज सरबतात कुणीतरी अश्रू गाळलेत अशी. पण त्या खारट-गोडातच सगळी मेख आहे. लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून खेचलं जातं, जुलाब चालू असतानाही. नवरा म्हणत होता कोल्ड्रिंक आणतो, त्यात लिटरला साखर 100 ग्रॅमच्या आसपास आणि मीठ नावाला, त्याने उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ज्यूससारखी दिसणारी तयार पाकिटं मिळतात त्यांचंही मागचं लेबल वाचा. डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) 2002 पासूनचा फॉर्म्युला 245 ऑस्मोलॅरिटीचा आहे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं ते प्रमाण, तो आकडा किंवा डब्ल्यूएचओ असं लिहिलेलं दिसलं की घ्या. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पमध्ये सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी ड्रमातून पाजून कॉलऱ्याचे पेशंट वाचवले होते, त्यापुढे माझ्या चवीच्या तक्रारीला काय अर्थ आहे.

एक मात्र सांगते, पुडी जंतू मारत नाही आणि जुलाबही थांबवत नाही, फक्त अंगातलं पाणी भरून काढते. नवऱ्याला जुलाब बंद व्हायची गोळी हवी होती, ताईने आधी विचारलं रक्त पडतंय का, ताप आहे का, असेल तर ती गोळी स्वतःच्या मनाने अजिबात नाही. रक्त, 102 च्या वर ताप, तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब किंवा चमच्यानेही पाणी टिकत नाही असं झालं की सरळ डॉक्टर गाठायचा. घरात लहान बाळ, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर एवढी वाटही बघू नका.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडं थोडं खायला लागलो. बाटलीत उरलेलं 24 तासांनी ओतून दिलं, तसंच करायचं असतं. पाचपैकी चार स्टार, एक त्या बारीक अक्षरांचा कापला. आता ड्रॉवरमध्ये सहा पुड्या आहेत आणि शेजारी एक लिटरची बाटली, तिच्यावर मार्करने जाड रेघ मारून ठेवलीय. पुढच्या वेळी प्लेन फ्लेवर घेणार, ऑरेंजचा वास आला तरी अजून पोटात ढवळतं.