एक्झॉस्ट फॅनचा स्पीड कमी करायचाय? डिमर लावा, स्टेपवाला लावा की सरळ बीएलडीसी घ्या

नागपुरात कूलर लागले की दमट हवा बाहेर काढायला किचनचा एक्झॉस्टही दिवसभर चालून राहतो, मग त्याच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही आणि जो तो विचारतो, याला रेग्युलेटर लागतो का. लागतो ना भाऊ, पण आधी मोटर पाहा. कॅपॅसिटर असेल तर ती कॅपॅसिटर मोटर. बाथरूमच्या छोट्या पंख्यात बरेचदा कॅपॅसिटर नसतोच, ती शेडेड पोल मोटर.

गोल फिरवायचा डिमर स्वस्त पडतो, स्पीडही पाहिजे तिथे थांबवता येतो. पण तो करंटची लाट कापून पुढे पाठवतो म्हणून मोटर गुणगुणते, दिवसा कळत नाही, रात्री डोकं उठवते. शेडेड पोलला मात्र मी हाच लावीन, कारण तिथे स्टेपवाल्यातला (म्हणजे १-२-३-४ नंबरवाल्या रेग्युलेटरमधला) कॅपॅसिटर अन् मोटरची कॉइल यांचं जुळून आलं तर मोटरवर व्होल्टेज उलट वाढू शकतं.

कॅपॅसिटर मोटर असेल तर स्टेपवाला, आवाज नाही, तापत नाही. फक्त एक गोची आहे, हे रेग्युलेटर ७०-८० वॅटच्या सीलिंग फॅनच्या हिशोबाने बनतात, तुमचा एक्झॉस्ट ३५-४० वॅटचा असला तर करंटच कमी, म्हणून २ वर ठेवा की ४ वर, फरक जेमतेम. जुना डब्ब्यासारखा रेग्युलेटर घरात पडला असेल तर तोही चालतो, गुणगुणत नाही, नुसता तापतो अन् वीज खातो.

आता खरी गोष्ट. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचा ठरलेला वेग मिनिटाला १५०० फेरे, मोटर त्याच्या थोडी खालीच फिरते, रेग्युलेटर हा ठरलेला वेग बदलत नाही, नुसतं व्होल्टेज पाडून मोटरला मागे खेचतो. अन् व्होल्टेज अर्धं झालं की जोर पावच उरतो. किचनच्या पात्यांवर फोडणीचा चिकटा बसलेला, त्यात मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं, अशात १ नंबरवर बटन दाबलं की पंखा जागचा हलत नाही, नुसता हूं हूं करतो आणि वाइंडिंग तापत राहते. म्हणून फुल्लवर सुरू करा, फिरला की कमी करा, अन् फार खाली नेऊच नका.

कूलरच्या १८ इंची पंख्याला घरातला रेग्युलेटर लावायच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच रेग्युलेटरवर १०० वॅटच लिहिलेले असतात. तिथे वाइंडिंगमधूनच तीन वायर काढलेली थ्री स्पीड मोटर घ्या, रोटरी स्विच फिरवला की झालं.

बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा बिनब्रशच्या डीसी मोटरचा पंखा, महाग आहे, पण स्पीड खरोखर कमी होतो, गुणगुण नाही, वीजही कमी लागते. जुन्या पंख्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो तो) ढिला झाला असेल तर रेग्युलेटरवर पैसे घालूच नका, बीएलडीसीच घ्या. मात्र त्याच्या लाइनवर आधीचा रेग्युलेटर असेल तर काढून टाका, नाहीतर आतला ड्रायव्हर, म्हणजे तेच सर्किट, जाऊ शकतं.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) रेग्युलेटर घ्यायला जाताना मोटरच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, दुकानदार पहिले वॅटच विचारतो.