तुलांबेन आणि आमेद, बाली: बोट न घेता डायव्हिंग करायचं असेल तर

बाली म्हटलं की आपल्याकडची मंडळी उबूडचा झोका, कुटाची खरेदी आणि नुसा पेनिडाच्या कड्यावरचा फोटो एवढं उरकून परत येतात, आणि ते ठीकच आहे, पण पाण्याखालचं बघायचं असेल तर त्यातलं निम्मं सोडा आणि गाडी करून सरळ ईशान्य किनाऱ्याला जा. विमानतळापासून अडीच-तीन तास लागतात. तुलांबेन आणि आमेद अशी दोन गावं आहेत जवळजवळ, वरती आगुंग ज्वालामुखी आणि खाली काळ्या दगडांचा किनारा. फोटोत काही खास दिसत नाही, खरं सांगते. पांढरी वाळू हवी असेल तर इथे येऊच नका.

मग कशाला जायचं? तर बोट लागत नाही म्हणून. डायव्हिंगची सुट्टी निवडताना लोक मासे कुठले, व्हिजिबिलिटी किती (म्हणजे पाण्यात किती लांबचं दिसतं) हे विचारतात पण रीफ (प्रवाळाची रांग) किनाऱ्यापासून किती लांब आहे हे कोणी विचारत नाही, आणि घरच्यांना घेऊन जाणार असाल तर सगळं गणित तिथेच आहे. मी आणि नवरा डायव्ह करतो, मुलगी स्नॉर्कल करते (मास्क आणि नळी लावून वरूनच बघते), सासूबाई पाय बुडवून बसतात. बोटीवरचं डायव्हिंग म्हणजे सकाळी निघायचं, दुपारी यायचं, त्यात ज्याला बोट लागते त्याचे हाल, आणि बाकीची मंडळी हॉटेलात तोंड पाडून. इथे आम्ही पाऊण-एक तासात पाण्याबाहेर येऊन सासूबाईंच्या शेजारी चहा प्यायला हजर. अंदमानला हॅवलॉकच्या चांगल्या साइट्स बहुतेक बोटीच्याच आहेत. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेऊन बघायला जरूर जा, माणूस धरून खाली नेतो, व्हिडिओ काढून देतो, मजा येते, पण तिथे पाणी गढूळ असतं आणि प्रवाळ बघायला म्हणून कोणी जाऊ नये.

तुलांबेनचं मुख्य आकर्षण म्हणजे लिबर्टी नावाचं बुडालेलं जहाज. अमेरिकन सैन्याचं मालवाहू जहाज, जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ओढून न्यायचा प्रयत्न केला पण पाणी फार भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. मग १९६३ ला आगुंगचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं, म्हणून आज ते किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक मीटरवर आडवं पडलंय. साधारण १२० मीटर लांब. वरचा भाग पाचेक मीटरवर आणि खालचा तीसच्या आसपास, म्हणजे स्नॉर्कलवाल्याला वरून जहाज दिसतं, ओपन वॉटरवाला (डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेला) १८ मीटरपर्यंत भरपूर बघू शकतो आणि अॅडव्हान्स्डवाल्याला (पुढचा कोर्स केलेल्याला) खालचं सगळं मोकळं. एकाच ठिकाणी तिघांची सोय मी तरी दुसरीकडे बघितली नाहीये. लोखंड आता फारसं दिसतच नाही, सगळ्यावर सॉफ्ट कोरल, समुद्रपंखे, स्पंज, आणि आजूबाजूच्या काळ्या वाळूत गार्डन ईल माना वर काढून डोलत असतात, जवळ गेलं की गडप.

पण वेळ पाळा हां. नऊ-साडेनऊनंतर दक्षिण बालीतून डे ट्रिपवाल्या गाड्या यायला लागतात आणि दोन वाजेपर्यंत जहाजाभोवती फिन्सच फिन्स (पायाला लावायचे रबरी पंख), कोण कोणाच्या ग्रुपमधला तेही कळत नाही. म्हणून मुक्काम तुलांबेनलाच करा आणि उजाडता उजाडता पाण्यात उतरा. तेव्हा बंपहेड पॅरटफिश दिसायची शक्यता असते (डोक्याला टेंगूळ आलेले मोठ्ठे मासे), नाही दिसले तरी जहाज अख्खं तुमचंच असतं. दक्षिणेतून एका दिवसात जाऊन यायचं पॅकेज अज्जिबात घेऊ नका, पाच-सहा तास गाडीत आणि गर्दीच्या वेळेला डायव्ह.

जहाजाशिवाय कोरल गार्डन आणि ड्रॉप ऑफ अशा दोन साइट्स त्याच किनाऱ्यावर आहेत. कोरल गार्डन उथळ आहे, मुलीला तेच जास्त आवडलं. ड्रॉप ऑफ म्हणजे लाव्हाची भिंत, सरळ खोल जाते, तिथे आपण किती खाली आलोय त्यावर लक्ष ठेवा. बारीकसारीक बघायची आवड असेल (न्यूडिब्रँक म्हणजे रंगीत समुद्री गोगलगाई, घोस्ट पाइपफिश, पिग्मी सीहॉर्स म्हणजे इवलेसे समुद्री घोडे वगैरे) तर गाइड तसा मागून घ्या, आपल्याला स्वतःला एक दिसत नाही, त्यांना पन्नास दिसतात.

आता त्रासाचं. किनारा गोल गुळगुळीत धोंड्यांचा, पाठीवर हवेचा टँक, आणि लाट आली की धोंडे पायाखालून सरकतात. जाड तळव्याचे बूट आणि उघड्या टाचेचे फिन्स पाहिजेतच, नुसते पायमोजे घालून चालणार नाही. दोन लाटांच्या मधे पटकन आत जायचं, कमरेएवढ्या पाण्यात बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) फुगवून मग फिन्स घालायचे, आणि बाहेर येताना घाई करायची नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी गाइडला आधीच सांगा, ते हात धरून नेतात, त्यात लाजायचं काही नाही.

टँक मात्र तुम्हाला वाहावे लागत नाहीत. गावातल्या बायका पोर्टर आहेत, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर टँक, कधी कधी दोन, आणि त्या धोंड्यांवरून अशा चालतात की आपण रिकाम्या हाताने धडपडत असतो. त्यांचे पैसे बहुतेक वेळा पॅकेजमध्ये धरलेले असतात, तरी वेगळी टीप द्या. घासाघीस इथे तरी करू नका.

आमेद थोडं पुढे, आणि तिथला माहोल सैल आहे. जेमेलुकच्या खाडीत किनाऱ्यावरूनच स्नॉर्कल करता येतं, पाणी तुलांबेनपेक्षा शांत असतं, सासूबाईसुद्धा मास्क लावून तोंड बुडवून आल्या. त्याच पट्ट्यात बन्युनिंगला एक छोटं जपानी जहाज उथळ पाण्यात आहे, ते तर स्नॉर्कलनेच बघावं. कॅफे, योगा, जुकुंग होड्या, मीठ पिकवणारे लोक, असं सगळं आहे. डायव्हिंग मुख्य असेल तर तुलांबेनला राहा, घरचे मुख्य असतील तर आमेदला.

सीझनच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. तिकडे पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च, तेव्हा पाणी गढूळ आणि वरून प्लॅस्टिकही वाहून येतं. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळी दोन्ही वेळा तिकडे बरं असतं, आणि मेमध्ये अंदमानचा पाऊस सुरू व्हायला लागलेला असतो. पाणी २६ ते २९ डिग्री, ३ मिमी जाडीचा वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) पुरतो, जुलै-ऑगस्टमध्ये थोडं गार लागतं. नुसा पेनिडाला मोलामोला (प्रचंड मोठा सनफिश) बघायला जाणार असाल तर ते प्रकरण वेगळं, तिथे थंड पाणी, जोरदार करंट आणि बोट, नवख्यांनी तिकडून सुरुवात करू नये.

जेवणाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. शाकाहारी लोक उपाशी राहत नाहीत, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, भाजी-भात सगळीकडे, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा सॉस. पण सांबालमध्ये (तिकडची मिरचीची चटणी) तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, कधी शेंगदाण्याच्या सॉसमध्येही, आणि अंडं तर न विचारता येतं. ऑर्डर देतानाच विचारा. सासूबाईंनी सोबत मेतकूट नेलं होतं, भात सगळीकडे मिळत असल्यामुळे त्यांचं छान चाललं.

कागदपत्रं सोपी आहेत, व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया आणि बालीची पर्यटक फी दीड लाख रुपिया (आकडा वाचून घाबरू नका, चलनच तसं आहे). ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना स्कूबा कव्हर होतं का आणि किती मीटरपर्यंत ते वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसीत ते वगळलेलं असतं. दमा, बीपी, कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच घेऊन जा, तिकडे तब्येतीच्या फॉर्मवर एक "हो" टिक केलं की डायव्ह शॉप पाण्यात उतरवत नाही आणि ते बरोबरच करतात.

आणि एक गोष्ट जी टूरवाले सांगत नाहीत. डायव्ह करून त्याच दिवशी किंतामणीमार्गे परत यायचं नाही. तो रस्ता १५०० मीटरच्या आसपास उंचीवर जातो, डायव्ह करताना हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो आणि तो निघायला वेळ लागतो, तोवर उंचीवर जाणं धोक्याचं, विमानात बसण्यासारखंच. बातूर ज्वालामुखीचा सूर्योदयाचा ट्रेक तर १७१७ मीटर. हे सगळं डायव्हिंगच्या आधी उरका किंवा मधे एक पूर्ण दिवस सोडा, परतीच्या फ्लाइटआधी पण किमान १८ तास पाहिजेत. ड्रायव्हरला किनाऱ्याच्या रस्त्याने चल म्हणून सांगायचं, तो ऐकतो.

शॉप निवडताना एका गाइडमागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत, भाड्याचा रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारं यंत्र) आधी तोंडात घेऊन बघा, स्वतःचा मास्क न्या. आमच्या पहिल्या शॉपचे मास्क इतके जुने होते की मुलीच्या नाकात सारखं पाणी जायचं, बदलून मागितला तर तोंडं वाकडी, मग आम्ही शेजारच्या शॉपमध्ये गेलो. पर्याय खूप आहेत, अडून बसायची गरज नाही.

बाली नको, मालदीव बघताय? तर हॉटेलचे फोटो बाजूला ठेवा आणि सॅटेलाइट नकाशा उघडा. बेटाच्या भोवती फिकट निळ्याचा रुंद पट्टा असेल तर रीफची कड लांब आहे, गडद निळं किनाऱ्याच्या जवळ आलं असेल तर बोटीशिवाय किनाऱ्यावरूनच तिथवर जाता येईल.