लिमात आठ महिने जेवल्यावर: चवीला नऊ गुण, पाण्याला शून्य

गेल्या रविवारी पेरूच्या राजधानीत, लिमात, मिराफ्लोरेस भागातल्या एका हॉटेलात बिल हातात पडलं आणि हे लिहायला बसलो. सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) झकास होतं. पण पाण्याच्या छोट्या बाटलीचे 9 सोल (इथलं चलन)! माझ्या ऑफिसमागच्या खाणावळीत 15 सोलमध्ये पोट भरतं. आपल्याकडे बूड टेकायच्या आत पाण्याचे ग्लास येतात. पोऱ्याची बोटं बुडालेली असतात त्यात, पण पैसे तर पडत नाहीत! इथे प्रश्न एकच: "कोन गास, की सिन गास?" कोन गास म्हणजे सोडा, सिन गास म्हणजे साधं, पण तेही बाटलीतलंच. नळाचं पाणी न उकळता कोणी पीत नाही.

सेविचेवरही पहिले दोन महिने राग होता. रात्री खायला जावं तर शटर खाली. बऱ्याच सेविचेरिया दुपारी चार-पाचलाच आवरतात. मी त्याला आळस समजत होतो. सकाळचा मासा दुपारीच संपवायचा, हा इथला जुना रिवाज. कोकणातला असून हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं! सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. खाली उरतो तो आंबट-तिखट रस म्हणजे 'लेचे दे तिग्रे', वाघाचं दूध. शाळेत इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायचे, ते काही पचलं नाही. हे पचतं.

लिमाच्याच बारांको भागातलं 'सेंत्राल' 2023 मध्ये आणि मिराफ्लोरेसमधलं 'माइदो' 2025 मध्ये जगातल्या 50 सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. दोन्हीकडे गेलो नाही. तिथल्या पाण्याचा भाव विचारायची हिंमत नाही.

पाण्याबद्दल थोडं मवाळ व्हावं लागतंय. हे शहर वाळवंटात वसलंय. आठ महिन्यांत छत्री एकदाही उघडली नाही. भिस्त मुख्यतः रिमाक नदीवर. शिवाय दुपारी 'मेनू', म्हणजे ठरलेलं जेवण, घेतलं तर आधी सूप किंवा बटाट्याची काउसा, मग मुख्य पदार्थ, आणि पेय त्याच पैशांत. बहुतेकदा चिचा मोरादा: जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग घालून उकळलेलं. म्हणजे उकळलेलं पाणी फुकट, वर रंग आणि वास! तेव्हापासून हॉटेलात रात्री जेवणं जवळजवळ बंद. चिफात (इथलं चिनी हॉटेल) गेलोच तर चाउफा, म्हणजे फ्राइड राइस, बांधून आणतो आणि घरी उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर खातो.

सुर्कियोच्या बाजारात रसवाल्या बाईकडे पपईचा रस घ्या आणि ग्लास संपला की "यापा?" (वर थोडं?) म्हणा. भाजीवालीकडे वर दोन काड्या कोथिंबीर मागावी तसंच. मिक्सरमध्ये उरलेला रस ती मुकाट ओतते. परवा मी मागायच्या आतच ओतला, "घ्या, कासेरो," म्हणाली. कासेरो म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक.