तालुक्याची संघटना की मुंबईची?

कुडाळजवळ आमचा कोकमाचा छोटा कारखाना आहे. आगळ (खारवलेला रस), अमृत कोकम (साखरेतलं सरबत), सोलं (वाळवलेल्या साली). धंद्यात नवीन पडलेले विचारतात, वर्गणी भरायची तर कुठल्या संघटनेची, तालुक्यातल्या की मुंबईतल्या? मी तीन वर्षं दोन्हीकडे भरली, आता एकीकडेच भरतो.

मुंबईच्या संस्थेला नावं ठेवणार नाही. गोव्यातल्या एका हॉटेलाने माझं बिल पाच महिने अडवलं होतं. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे मला तिथल्या वकिलांनी सांगितलं. कायदा २००६ चा, आणि मला त्याचा गंधही नव्हता. त्यांनी पत्र लिहून दिलं, पंधरवड्यात पैसे आले. तालुक्यात विचारलं असतं तर "त्या मॅनेजराक मी वळाखतंय" एवढ्यावर भागलं असतं.

तालुक्याची बैठक पाचची, सुरू होते सव्वासहाला. अर्धा वेळ अध्यक्षपदाच्या रुसव्याफुगव्यांत जातो. शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ माझ्याच गिऱ्हाइकांना माल देतो, त्यामुळे दर बोलताना जीभ आवरावी लागते. पण बाटल्या सहाजणांत मिळून एकच गाडी भरून येतात. एकट्याने मागवायचो तेव्हा नफा भाड्यातच जायचा. कोकमाचं भौगोलिक मानांकन (माल त्या प्रदेशातला असल्याची सरकारी ओळख, जीआय) लेबलावर लावायचं तर प्रत्येकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. मुंबईहून त्याची लिंक आली. इथे एका सभासदाच्या मुलीने चौघांचे अर्ज बसून भरले. आणि २०२१ च्या तौक्ते वादळात माझ्या शेडचे पत्रे उडाले, तेव्हा सोलं ठेवायला पडवी दिली ती त्या शेजारच्या खुर्चीवाल्यानेच.

तरी मी दोन्हीकडे राहिलोही असतो. नडली ती मुंबईची वार्षिक सभा. ती हमखास मेच्या शेवटच्या आठवड्यात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, तेव्हा ऐन भरात. सालींना रसाची पुटं देऊन वाळवायचं, त्यात वळवाची एक सर आली की बुरशी. सभा ऑगस्टात घ्या, असं तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: सूचनेची नोंद घेतली आहे. एका वर्षी म्हटलं जाऊन तर बघू, आणि कोकणकन्या पकडली. दुपारी सभागृहात निर्यातीच्या संधींवर भाषण चालू असताना घरून फोन आला, पाऊस धरलाय आणि खळ्यातलं उचलायला माणूस नाही. दीडशे किलो सोलं गेली.

माझा अनुभव हा एवढाच. तुमचा माल बारमाही असेल, मोठी गिऱ्हाइकं उधारीवर असतील, तर मुंबईची वर्गणी वसूल होईलही. पण आंबा, काजू, रातांबे यांतलं काही असेल, तर पावती फाडण्याआधी वार्षिक सभेची तारीख तेवढी विचारून घ्या.