मिनेसोटाच्या थंडीत टिकणारा मोगरा कुणी विकत असेल तर आधी हे वाचा

आधी रक्कम सांगून टाकते, म्हणजे 'किती गेले गं?' असं विचारायला फोन नकोत. ८९ डॉलरला एक अशी मोगऱ्याची तीन झाडं, झाले २६७. पोस्टेज ३८. वर 'विंटर किट' म्हणून ४५. एकूण ३५० डॉलर. आणि माझ्या शब्दावर मंडळातल्या चार घरांनी मिळून सात झाडं घेतली, त्यांचे ६२३ गेले, पोस्टेज वेगळं. यंदा गणपतीत त्यातल्या एक काकू प्रसाद घेताना एवढंच म्हणाल्या, "मग, मोगरा काय म्हणतोय?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

जाहिरात कशी येते, 'शेवटची पाच झाडं' कशी कायम पाचच राहतात, हे सगळ्यांना पाठ आहे. निळी पिओनी, सात रंगांचा गुलाब, चाळीस वर्षांची नर्सरी बंद होतेय म्हणून सत्तर टक्के सूट, असल्या गोष्टींना मी कधीच फसले नाही. २०२० मध्ये कुणाकुणाच्या घरी न मागवताच चीनहून बियांची पाकिटं आली होती, तेव्हा 'पेरू नका, कळवा' हा निरोप ग्रुपवर मीच टाकला होता. पण हा मोगरा विकणारा माणूस मराठीत बोलला. तासभर बोलला. "ताई, आपल्या माणसांना इथे मोगरा मिळत नाही, म्हणून हा उद्योग."

आणि थापा नुसत्या थापा नव्हत्या, हे नवऱ्याला अजून पटत नाही. मोगरा उणे ३० फॅरेनहाइटला टिकेल असं कुणी नुसतं म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. तो म्हणाला, लायलॅक या इथल्या थंडीत टिकणाऱ्या सुवासिक झुडपाच्या खुंटावर मोगऱ्याचं कलम आहे, दोन्ही एकाच कुळातली. मी शोधलं. लायलॅक, मोगरा, ऑलिव्ह खरंच एका कुळात येतात. लायलॅकचं कलम प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपाच्या खुंटावर बांधतात, तेही खरं. मग म्हणाला, २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या शेती खात्याने झोनचा (कुठे किती थंडी पडते ते सांगणारा, आकडा मोठा तेवढा भाग उबदार) नवा नकाशा काढलाय, तुमचा भाग आता उबदार धरतात. हेही खरं! २०१२ च्या नकाशाशी ताडून पाहिलं तर देशाचा जवळपास अर्धा भाग अर्ध्या झोनने वर सरकला आहे. फक्त अर्धा झोन म्हणजे पाच अंश फॅरेनहाइट, हे त्याने सांगितलं नाही. आपण चार-पाचच्या घरात, मोगरा नऊच्या पुढचा. मधले झोन काय हा माणूस खिशातून आणणार होता?

कलमाचंही असंच. खुंट कितीही काटक असला तरी वरची फांदी मोगऱ्याचीच राहते. पायात लोकरीचे मोजे घातले म्हणून उघडं डोकं गारठायचं राहत नाही.

पैसे पाठवताना म्हणाला, "बिझनेस नका टाकू ताई, ३ टक्के कापतात, फ्रेंड्स अँड फॅमिली टाका." टाकले, म्हणजे खरेदीचे नव्हे, ओळखीच्या माणसाला स्वतःहून दिल्यासारखे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा, पुढचं काही ऐकायचंच नाही.

आता ज्या क्षणावरून माझी झोप उडते तो सांगते. मे २०२४, लायलॅक भरात, खोकी आली. पहिलं झाड कुंडीतून काढताना तळाला अर्धवट खरवडलेलं स्टिकर दिसलं. वरचं नाव गेलं होतं, खाली स्वच्छ छापलेलं होतं: 'झोन ९–११. थंडीपासून जपा.' हातात कुंडी, डोळ्यांसमोर स्टिकर. मी काय केलं? त्याला फोन केला. चोराला विचारलं, बाबा रे, ही वस्तू चोरीची आहे का? तो हसला, "जुन्या कुंड्या वापरतो ताई, प्लॅस्टिक वाया घालवत नाही." आणि मला वर त्याचं कौतुक वाटलं! त्या क्षणी कलमाची गाठ बघायला हवी होती. कलमी झाडाला बुंध्याशी जोड दिसतो, साल वेगळी दिसते, थोडा फुगवटा असतो. इथे बुंधा मातीतून सरळ वर, एकसंध. पण सासूबाई मागे उभ्या होत्या, सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या, "मोगराच आहे." मोगरा होताच की. तीच तर गंमत. तसंच झाड मला पुढे एका मोठ्या दुकानात १९ डॉलर ९८ सेंटला दिसलं, स्टिकर न खरवडलेलं.

जुलैत फुलला. भरभरून. सासूबाईंनी गजरा केला. मी डेकच्या कडेला, झाडाशेजारी उभी राहून फोटो काढला, त्याला पाठवला, ग्रुपवर टाकला, आणि सात झाडं विकून दिली. उन्हाळ्यात मोगरा इथे कुणाकडेही फुलतो, कुंडीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण हा जमिनीत होता, आणि फुललेल्या झाडावर संशय कोण घेतं?

या धंद्याची खरी कळ इथे आहे. बनावट पर्स हातात आल्या आल्या कळते. थंडीत टिकणारं झाड बनावट आहे हे थंडी संपल्यावर कळतं. तोपर्यंत बँकेची मुदत, परतीची मुदत, सगळ्यांची तेरावी झालेली असतात. त्याची गॅरंटी एक वर्षाची, १४ मे २०२५ पर्यंत. आणि किटमधल्या कागदावर सूचना: फूटभर पालापाचोळा घाला, वर कापड घाला, 'मे अखेरपर्यंत उकरू नका, खुंट उशिरा फुटतो.' तारखा जुळवून बघा. मी आज्ञाधारकपणे थांबले. उकरलं तेव्हा तिन्ही काळ्या काड्या, मुळं बोटांत कुसकरली. फोन केला तर नंबर बंद.

मग सुरू झाला दुसरा अध्याय. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा संबंध नाही. किटचे ४५ कार्डावर होते, तर म्हणे स्टेटमेंटपासून ६० दिवस उलटले. अहो, साठ दिवसांत तर त्याला फुलं आली होती, तक्रार काय करणार होते, वास जास्त येतो म्हणून? पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने लांबलचक अर्ज भरून घेतला आणि पत्र पाठवलं की तुमची तक्रार आम्ही विक्रेत्याकडे पाठवली आहे. कुठे पाठवली? बंद नंबरवर?

मिनेसोटात कायदा आहे, इथल्या थंडीत न टिकणारं झाड नर्सरीने विकलं तर त्यावर 'नॉनहार्डी' लिहावं लागतं, आणि झाडं विकायला सरकारी सर्टिफिकेट लागतं. मी तो कायदा छापून झाडांचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात नेला. बाई गोड होत्या. म्हणाल्या, तो आमच्या नोंदणीत नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे नोंदणी केली असती तर पकडला असता, केली नाही म्हणून सुटला! शिवाय, बाई म्हणाल्या, मोगरा हे घरात ठेवायचं झाड, ते आमच्यात येतं की नाही बघावं लागेल. मी म्हटलं, त्याने बाहेरचं म्हणूनच विकलं, हीच तर तक्रार आहे. विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिकडे कळवा म्हणाल्या. तिकडे कळवलं, उत्तर आलं: खरेदीदार मिनेसोटाचा, तिकडे कळवा. मग कुणीतरी झाडाचा फोटो मागितला. काळ्या काडीचा पाठवला. तर विचारतात, हा मोगराच आहे कशावरून? सासूबाईंना साक्षीला आणायला हवं होतं.

तर काही गोष्टी. फुललेल्या झाडाचा फोटो हा पुरावा नाही. त्याच झाडाचा सलग दुसऱ्या मे महिन्यातला फोटो मागा. कार्डानेच पैसे द्या. मोगरा हवाच असेल तर वीस डॉलरचा घ्या, कुंडीत लावा, सप्टेंबरात थंडीआधी घरात घ्या. झोनचा आकडा तीस वर्षांतल्या सर्वांत थंड रात्रींची सरासरी आहे, तळ नाही. २०१९ च्या जानेवारीत मिनिआपोलिसला उणे २८ फॅरेनहाइट होतं ते विसरू नका. झाड जगणं आणि कळी जगणं यांतही फरक आहे: फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाची साधी जात इथे जगते, पण कळ्या बर्फाखाली झाकल्या गेलेल्या तेवढ्याच फुलतात. पिओनी वसंतात नव्हे, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची, मुळावरचे डोळे (कोंब) दोन इंचांपेक्षा खोल गेले तर नुसती पानंच बघत बसाल.

वासासाठी जीव जात असेल तर 'मिनेसोटा स्नोफ्लेक' नावाचं मॉक ऑरेंजचं झुडूप बघा, पांढरं, दुहेरी पाकळ्यांचं, जूनच्या सुमारास फुलतं. गजरा होत नाही, पण खिडकी उघडी ठेवावीशी वाटते. 'मिस किम' लायलॅक बुटका आणि साध्या लायलॅकपेक्षा थोडा उशिरा येतो. रंग हवा असेल तर इथल्याच विद्यापीठाने तयार केलेल्या 'नॉर्दर्न लाइट्स' अझेलिया, पहिली १९७८ साली आली. कळ्या उणे ३० सोसतात, माती मात्र आम्लधर्मी लागते. आणि काहीही घेण्याआधी मे अखेरीस चॅनहॅसनच्या आर्बोरेटममध्ये (झाडांच्या मोठ्या बागेत) चक्कर मारा. तिथे जमिनीत जे उभं आहे ते इथले हिवाळे काढून उभं आहे, पाटीवर नावही आहे. तिथे मोगरा बाहेर लावलेला दिसला तर मला कळवा, मी ३५० डॉलर विसरून जाईन.

परवा ग्रुपमधल्या एकीने नवी जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, यावेळी मोगऱ्यासोबत 'हार्डी चाफा'ही आहे. खाली 'समाधानी ग्राहक' म्हणून एक फोटो. लाल कठड्याचा डेक, हिरवी साडी, चेहरा पुसट केलेला. तो डेक माझा आहे आणि साडीही माझीच. काढून टाका म्हणून कळवलं तर त्या अ‍ॅपचं उत्तर आलं की यात नियमभंग आढळला नाही. तेव्हा लाल कठडा दिसला की समजा, ती बाई समाधानी नाही.