सायकलवरचा इको की कॅथेटर? पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये उजव्या हृदयाची चाचणी निवडताना

पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांतला वाढलेला दाब. यात आराम करताना काढलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) बरा दिसतो, पण एक जिना चढताच दम लागतो. अशा वेळी हृदयाचा उजवा खालचा कप्पा ताण किती झेलतो, हे श्रम करतानाच पाहावे लागते.

इकोत कॅथेटर (शिरेतून हृदयात सरकवायची बारीक नळी) नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा करता येतो. दाब काढताना ट्रायकस्पिड झडपेतून (उजव्या दोन कप्प्यांमधल्या) उलट येणाऱ्या रक्ताच्या वेगाचा वर्ग गुणिले 4, अधिक उजव्या वरच्या कप्प्यातला दाब, असा हिशेब असतो. वर्ग असल्यामुळे वेग 10 टक्के चुकला तर हा गुणाकार साधारण 20 टक्के चुकतो. आणि धाप लागली की नेमकी त्या वेगाचीच पडद्यावरची रेघ पुसट होते. ट्रेडमिलवरून उतरवून, झोपवून घेतलेला आकडा धरू नका, तोवर दाब उतरू लागलेला असतो. रेललेल्या सायकलवर, भार टप्प्याटप्प्याने वाढवत, पाय चालू असतानाच मोजायला हवे.

दाब कमी वाढला म्हणून मात्र हायसे वाटून घेऊ नये. आजार आधीच ठरलेल्या रुग्णात श्रमाने दाब 30 मिमी पाऱ्याहून जास्त वाढणे हे कप्प्यात ताकद शिल्लक असल्याचे लक्षण आहे. थकलेला कप्पा दाब वाढवूच शकत नाही.

हा घोळ कॅथेटर सोडवतो, कारण त्यात दाब आणि हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त एकत्र मोजतात. मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक जादा लिटरमागे फुप्फुसधमनीचा सरासरी दाब 3 मिमीहून जास्त वाढला तर तो प्रतिसाद सदोष. वेज दाब (डाव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाचा अंदाज देणारा) लिटरमागे 2 मिमीहून जास्त वाढला तर दोष डाव्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी, आणि मग उपचाराची दिशाच बदलते. इथेही चुका होतात: दाबमापकाचे शून्य छातीच्या मध्यावर न धरणे, किंवा धापेत दाब वरखाली होत असताना एकाच श्वासाचा आकडा घेणे. अनेक श्वासांची सरासरी हवी. ट्रायकस्पिड झडप फार गळत असेल तर थर्मोडायल्युशनचा (थंड द्रव सोडून रक्तप्रवाह मोजण्याचा) आकडा फसवू शकतो. फिक पद्धत (ऑक्सिजनच्या वापरावरून रक्तप्रवाह काढणारी) बरी.

निदानच अडले असेल तर आमचे मत स्पष्टपणे कॅथेटरकडे. उपचार चालू आहेत, फक्त प्रगती पाहायची आहे, तर इको आणि सहा मिनिटांची चाल पुरते: 440 मीटरच्या वर चाल दिलासा देणारी, 165 च्या खाली चिंतेची. गुडघे दुखत असतील तर तसे आधीच सांगा.

श्रमाने नुकतीच चक्कर येऊन पडला असाल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर तूर्त यातली एकही चाचणी नको; आधी प्रकृती स्थिर होऊ द्या.