मिक्सरच्या आधी काय घडतं: स्पेक्ट्रम ॲनालायझर वापरल्यानंतरचा अनुभव

जालन्याच्या आसपासच्या मोसंबीच्या बागांसाठी आम्ही जमिनीतला ओलावा कळवणारे लोरा नोड (कमी विजेवर दूरवर संदेश पाठवणारी छोटी रेडिओ यंत्रं) बनवतो, 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातले. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर 3 गिगाहर्ट्झपर्यंतचा टेबलावरचा स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतला. आता दिवाळीही होऊन गेली. पडदा, मार्कर, यूएसबी सगळं ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते पुढचा एन कनेक्टर (केबल जोडायची जागा) आणि पहिला मिक्सर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) यांच्या मधल्या भागाबद्दल, कारण आकडा खरा की खोटा हे तिथेच ठरतं.

आत आलेल्या सिग्नलला आधी डीसी अडवणारा कपॅसिटर भेटतो, मग सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर, गरज असेल तर तो वाढवणारा प्रीअँप्लिफायर, मग ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं अडवणारा लो-पास फिल्टर आणि शेवटी मिक्सर. मिक्सर मुळातच नॉन-लिनियर, म्हणजे आउटपुट इनपुटच्या सरळ प्रमाणात नसतो. त्याला जोरदार सिग्नल दिला की तो स्वतःच हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचे सिग्नल) तयार करतो, आणि ते पडद्यावर अस्सल सिग्नलसारखेच दिसतात.

आमच्या नोडचा आउटपुट 20 डीबीएम (डीबीएम म्हणजे 1 मिलिवॉटच्या तुलनेत डीबीमध्ये मोजलेली शक्ती). बाहेर 20 डीबीचा पॅड (बाहेरून लावायचा अटेन्युएटर) लावून तेवढा ऑफसेट यंत्रात भरला, म्हणजे पडद्यावरचे आकडे नोडच्या तोंडाशी असलेले, पण यंत्राच्या तोंडाशी प्रत्यक्षात 0 डीबीएम. आतला अटेन्युएटर 10 डीबीवर असताना 1732 मेगाहर्ट्झला, म्हणजे 866 च्या दुपटीला, उणे 30 डीबीएमचा पीक दिसला. अटेन्युएटर 20 केला, पीक उणे 39 वर आला. 30 केला, उणे 44. 40 ला उणे 45, आणि पुढे तो हलेना. यंत्र अटेन्युएशनचा हिशोब स्वतःच परत जोडून दाखवतं, त्यामुळे खरा पीक जागचा हलायला नको. मिक्सरमध्ये तयार झालेलं दुसरं हार्मोनिक मात्र इनपुट 10 डीबीने उतरला की 20 ने उतरतं, म्हणून पडद्यावर 10 ने खाली येतं. तिसरं 20 ने. पीक जिथे थांबला तेवढंच हार्मोनिक आमच्या नोडचं. पहिल्या आकड्यावर विसंबलो असतो तर प्रत्येक बोर्डावर एक फिल्टर विनाकारण वाढला असता. या एका तपासणीसाठीसुद्धा यंत्राचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

अर्थात अटेन्युएशन वाढवलं की नॉइज फ्लोअर, म्हणजे पडद्यावरची तळाची गोंगाटाची रेघ, हीही तेवढीच वर सरकते. आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजली जाणारी फ्रिक्वेन्सीची रुंदी) दहापट कमी केली तर 10 डीबी परत मिळतात, पण स्वीप, म्हणजे पूर्ण पट्टा एकदा चाळणं, रेंगाळतो. म्हणून ऑटोवर सोडून देऊ नका, अटेन्युएशन आणि आरबीडब्ल्यू स्वतः ठरवून लावा.

प्रीअँप्लिफायरची खरी परीक्षा शेतात झाली. अंबडकडच्या एका बागेत गेटवेपर्यंत (नोडचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत) सिग्नल का पोहोचत नाही ते बघायचं होतं. बागेला लागूनच मोबाईल टॉवर. प्रीअँप चालू करून 866 च्या आजूबाजूचा 2 मेगाहर्ट्झचाच स्पॅन (पडद्यावर दिसणारा पट्टा) लावला, तर तळाची रेघ उचललेली आणि मधेच नको ते पीक. टॉवरचा 900 च्या पट्ट्यातला सिग्नल पडद्यावर कुठेच नव्हता, तरी तो प्रीअँपवर आणि मिक्सरवर आदळत होता. स्पॅन लहान केल्याने आत येणारं काही कमी होत नाही, कारण आतला लो-पास फिल्टर 3 गिगाहर्ट्झच्या वरचंच अडवतो. महागड्या मायक्रोवेव्ह यंत्रांत फ्रिक्वेन्सीबरोबर सरकणारा प्रीसिलेक्टर (मिक्सरआधीचा गाळणी फिल्टर) असतो, या किमतीत तो मिळत नाही. 866 चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढा पट्टा आत सोडणारा) बाहेरून लावला आणि रेघ खाली बसली. असा फिल्टर कायम पेटीत ठेवा.

तक्रार आहे ती माहितीपुस्तिकेबद्दल. इनपुटची कमाल मर्यादा कनेक्टरशेजारी छापली आहे, पण प्रीअँप चालू असताना किती जपायचं यावर धड एक परिच्छेद नाही. दुरुस्तीसाठी यंत्र पुण्याला पाठवावं लागतं, तेव्हा हे ठळक लिहायलाच हवं होतं.

आणि आपल्याकडच्या मंडळींसाठी खास: अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अर्थ नसलेल्या एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) बॉडी मेन्सच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगते आणि केबल जोडताना तो झटका थेट इनपुटला बसू शकतो. आम्ही मार्च ते जून खड्ड्यात नेमाने पाणी घालतो, आणि केबल लावण्याआधी दोन्ही बॉडींमधलं व्होल्टेज मीटरने मोजतो.